आधी वाक्याला कर्ता लावा : मनाला लागलेली गोष्ट कशी लिहायची, कुणाला सांगायची, आणि माफीचं मग बघायचं

"जाऊ दे ना आता, किती वर्षं तेच धरून बसणार" हे वाक्य मी आठ वर्षं ऐकलं. म्हणणाऱ्यांचं फार चुकत नव्हतं म्हणा, कारण मी तीच गोष्ट त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी आवाज चढवून, प्रत्येक लग्नात आणि बारशात कुणा ना कुणाला धरून सांगत होते. गोष्ट साधीच आहे. 2009 ला वडील गेले, तेरावं झालं, आणि पुढच्याच आठवड्यात दादा मला तालुक्याला रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेला, हक्कसोडपत्रावर सही झाली, बाहेर आल्यावर त्याने उसाचा रस पाजला आणि घरी वहिनीने साडीचोळी देऊन ओटी भरली. दीड एकर जमीन. ज्यांना भाऊ आहे आणि माहेरी शेत आहे अशा कितीतरी जणींना पुढचं सांगायलाच नको.

मी शिवणक्लास घेते, सायकॉलॉजिस्ट वगैरे काही नाही. पण 2017 ला मी हे सगळं पहिल्यांदा कागदावर लिहिलं आणि मग 2018 पासून आमच्या घरी दर महिन्याला पाच-सहा जण बसतो, आपापली लागलेली गोष्ट सांगतो आणि ऐकतो. त्यातून जे कळलं आणि थोडंफार जे वाचलं ते इथे क्रमाने लिहितेय. कुणाला माफ करायलाच हवं असं मला अजिबात वाटत नाही, ते आधीच सांगते. माफी आली तर शेवटी येते, न आल्यास न येवो, पण गोष्ट नीट सांगता आली तर झोप तरी लागते.

सगळ्यात आधी हे बघा

त्रास अजून चालू आहे का? नवरा आजही हात उचलतोय, सासरचे आजही छळतायत, ऑफिसातला माणूस आजही मागे लागलाय, तर वही-पेन बाजूला ठेवा, आधी तिथून सुटायचं बघा. 112 आहे, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. चालू असलेल्या मारहाणीवर माफीच्या गोष्टी सांगणारे लोक भेटतात, त्यांना सरळ दाराबाहेर काढा. 

दुसरं, कायद्याचं काही करायचं असेल तर वकिलाला आधी विचारा, मन मोकळं करत बसलात आणि मुदत निघून गेली असं व्हायला नको. माझं तेच झालं थोडंफार. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा देणारी दुरुस्ती 2005 ची, महाराष्ट्रात तर काही अटींवर 1994 पासूनच होती, आणि मी 2009 ला सही करताना मला यातलं काहीही माहीत नव्हतं. असो.

तिसरं, आठवण नुसती काढली तरी घाम फुटतो, श्वास कोंडतो, भान जातं, जीव द्यावासा वाटतो, असं होत असेल तर हे एकट्याने करू नका. मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. समुपदेशक असेल तर त्यांच्यासोबत करा.

कुठली गोष्ट घ्यायची

आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम पहिल्या दिवशी उघडू नका. क्लासला नवीन आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी पैठणी कापायला देत नाही, जुनी चादर देते. तसंच मधल्या आकाराचं काहीतरी घ्या, मैत्रिणीने पाठीमागे बोललेलं, सरांनी भर वर्गात केलेला अपमान. आणि एकच दिवस घ्या, शक्यतो एकच तास. "सासूने मला वीस वर्षं छळलं" ही गोष्ट होत नाही, ती यादी होते. "गौरीच्या जेवणाला माझं ताट मांडलं नव्हतं" यातून गोष्ट सुरू होते.

गाऱ्हाणं वेगळं, गोष्ट वेगळी

हे मला फार उशिरा कळलं. कोकणात देवळासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण म्हणत जातो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. तिथे ते योग्यच आहे, देवाला सांगायचंय. पण मी आठ वर्षं जे करत होते ते हेच होतं, मला समोर फक्त व्हय म्हाराजा म्हणणारा माणूस हवा असायचा, आणि जो तसं म्हणणार नाही त्याला मी दुसऱ्यांदा सांगायचेच नाही. गाऱ्हाणं दरवेळी जसंच्या तसं येतं, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. गोष्टीत मात्र दरवेळी काहीतरी नवीन आठवतं. तुमची गोष्ट कुठली आहे ते तपासायचा सोपा उपाय, ती मोबाईलवर रेकॉर्ड करा, दोन आठवड्यांनी न ऐकता पुन्हा रेकॉर्ड करा, मग दोन्ही ऐका. शब्दाला शब्द जुळला तर ते गाऱ्हाणं.

आपल्याकडे हे काम पूर्वी जातं करायचं असं मला वाटतं. पहाटे दळताना बाई जात्याला सांगायची, सासरचं, सवतीचं, भावाने न्यायला न आल्याचं, आणि जातं काही व्हय म्हाराजा म्हणत नाही, ते नुसतं फिरतं, म्हणून मग तिलाच पुढची ओवी रचावी लागायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखावर ओव्या जमवल्यात, 2017 पासून त्यातल्या बऱ्याच ऑनलाइन ऐकायलाही मिळतात. ऐकून बघा, त्यात रडगाणं किती कमी आहे आणि बारीकसारीक तपशील किती.

चार दिवस, पंधरा मिनिटं

लिहायची पद्धत अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाची आहे. 1986 साली छापलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना ओळीने चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनातली सगळ्यात त्रासदायक घटना लिहायला सांगितली होती. जे नुसती घटना लिहित होते त्यांना फरक पडला नाही, जे नुसती भावना लिहित होते त्यांनाही फारसा नाही, पण ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांना पुढचे काही महिने डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पहिल्या दिवशी लिहून उठलात की वाटणार कशाला या भानगडीत पडलो. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले, सरासरी काढली तर फायदा लहानसाच दिसतो, चमत्कार नाही. आणि ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात चौथ्या दिवसापर्यंत "कारण", "आता कळतंय" असले शब्द वाढत गेलेले दिसले.

तर टायमर लावा. हाताने लिहा, येत नसेल तर व्हॉइस नोट करा, आमच्यातल्या एक मावशी व्हॉइस नोटच करतात. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. झोपायच्या आधी अजिबात करू नका, रात्रभर डोकं चालू राहतं. नंतर करायला काहीतरी हाताचं काम ठेवा, भाजी निवडणं, भांडी, चालणं, काहीही. आणि घरात वही सापडण्याची भीती असेल तर लिहून फाडून टाका, लिहिण्याचा जो उपयोग व्हायचा तो होऊन गेलेला असतो.

आता मुख्य काम : क्रियापदं तपासा

पाचव्या दिवशी, किंवा आठवड्याने, लाल पेन घेऊन बसा. आपल्या भाषेत एक मोठी सोय आहे, करणाऱ्याचं नाव न घेता पूर्ण वाक्य करता येतं. "सही झाली." "बोलणं झालं." "हात उचलला गेला." "तसं घडून गेलं." घरातली इभ्रत सांभाळायला ही वाक्यं फार कामाची, म्हणून आपण लहानपणापासून तीच शिकतो. वर पहिल्या परिच्छेदात मी स्वतः काय लिहिलंय बघा, "हक्कसोडपत्रावर सही झाली", इतक्या वर्षांनी हे सगळं लिहायला बसलेय तरी पेनातून तेच आलं, ते मुद्दाम तसंच ठेवलं.

अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा आणि त्याला कर्ता लावून पुन्हा लिहा. माझं असं झालं :

दादाने माझी सही घेतली.

हे लिहायला मला वीस मिनिटं लागली, खोटं नाही. आठ वर्षं तोंडाने हजार वेळा सांगितलं होतं पण "दादाने" हा शब्द मी नेहमी गिळायचे, "तिकडच्यांनी" म्हणायचे, "माहेरी असं असं केलं" म्हणायचे. नशीब, भोग, ग्रह, घरची परिस्थिती हे शब्द आले की तिथेही थांबा, त्यांच्या मागे बहुतेक वेळा एक जिवंत माणूस लपलेला असतो. ज्याला माफ करायचंय त्याने काही केलंय हेच वाक्यात नसेल तर माफ कशाबद्दल करणार?

मग दुसरी फेरी. आता कर्ता "मी" असलेली वाक्यं शोधा. इथे सांभाळून, कारण बायकांना स्वतःला दोष द्यायची सवय असते आणि ज्यांच्यावर अत्याचार झालाय, लहानपणी झालाय, त्यांनी ही फेरी "मी काय चुकले" म्हणून करायची नाहीच. चूक शोधायची नाहीये. आपण काय केलं, काय बघितलं, काय ओळखलं, कसं निभावलं, एवढंच. आमच्या गटातल्या एकीने लिहिलं, "मी बाथरूमची कडी लावून आत बसले आणि उजाडेपर्यंत पाढे म्हटले." तिच्या गोष्टीत तोवर ती फक्त मार खात होती, या वाक्यात ती पहिल्यांदा काहीतरी करताना दिसली. माझं वाक्य आलं ते असं, "मी कागद न वाचता सही केली, कारण नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं." म्हणजे मी बावळट नव्हते, मी दीड एकर देऊन माहेर विकत घेतलं होतं, आणि ते डोळे उघडे ठेवून. हे कळल्यावर राग कमी झाला असं नाही, पण त्याचं तोंड बदललं.

गेलं काय, ते नेमकं लिहा

जमीन गेली हे तर खरंच. पण तो दिवस मिनिटामिनिटाने लिहिताना कळलं की मला सगळ्यात जास्त लागला होता तो रस. त्याने मला विचारलं नाही, घेणार का, बर्फ घालू का, सरळ दोन ग्लास सांगितले, जसं काही काम उरकल्यावर मजुराला चहा सांगतात. एवढीशी गोष्ट. जमीन परत मिळाली असती तरी तो ग्लास तसाच राहिला असता. तुमच्याही गोष्टीत असा एक ग्लास असतो, तो सापडेपर्यंत तपशील लिहित राहा, कोण कुठे उभं होतं, वास कसला होता, आपण हात कुठे ठेवले होते. सापडला की अंगात कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

समोरच्याच्या जागेवरून

ही पायरी ऐच्छिक आहे आणि घाईने केली तर नुकसान करते. आधीच्या पायऱ्या होऊन निदान महिना गेला असेल तरच. अमेरिकेतच एव्हरेट वर्दिंग्टन म्हणून क्षमेवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ आहेत, 1996 च्या नववर्षाच्या रात्री त्यांच्या आईचा घरात घुसलेल्या चोराने खून केला. क्षमेवर काम करणाऱ्या माणसावरच ही वेळ आली. त्यांनी त्या रात्रीची गोष्ट घुसलेल्या माणसाच्या बाजूने मनात उभी केली, त्याची भीती, त्याचा गोंधळ, आणि तिथून ते पुढे सरकले. त्यांना जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही.

करायचंच असेल तर एक पान, समोरच्याच्या तोंडून, "मी" लावून. मी दादाच्या तोंडून लिहिलं तेव्हा सोसायटीचं कर्ज आलं, आईच्या दवाखान्याची बिलं आली, "लग्नात हिच्यासाठी केलंच की" हे आलं. पान लिहून झाल्यावर खाली एक ओळ लिहायची, "तरीही त्याने विचारायला हवं होतं." ही ओळ विसरू नका. कारण समजलं म्हणजे केलेलं बरोबर ठरत नाही.

कुणाला सांगायचं

पूर्वी गोष्ट सांगणारा म्हणायचा, हुंकार द्या, नाहीतर पुढे सांगत नाही. तोच माणूस शोधायचा, हुंकार देणारा. नवरा बरेचदा उपयोगाचा नसतो कारण तो लगेच उपाय सांगतो. आई नसते कारण ती तुमच्या भावाचीही आई असते.

आमच्या बैठकीचे नियम अनुभवातून बनलेत. पाच ते सहा जण, जास्त नाहीत. एकाला दहा-बारा मिनिटं, मध्ये बोलायचं नाही. रडू आलं तर पाणी पुढे करायचं, मिठी मारून गप्प करायचं नाही, कारण मिठी मारली की गोष्ट तिथेच थांबते. सल्ला नाही. "माझ्याबाबतीत पण अगदी असंच" नाही. आणि चार वाक्यांना पूर्ण बंदी आहे : "जाऊ दे", "घरचीच माणसं ना शेवटी", "त्यांचंही काहीतरी असेल", "देव बघून घेईल". विचारायचे प्रश्न दोनच, "मग?" आणि "तू तेव्हा कुठे होतीस?" ऐकलेलं घराबाहेर न्यायचं नाही, रेकॉर्डिंग नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त वेळ ठरवायला. सांगायचं नसेल त्याने नुसतं ऐकावं, वर्षभर नुसतं ऐकणारे एक काका आमच्याकडे आहेत आणि चहा तेच करतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा. कुणी लहान मुलावर चालू असलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं तर ते गुपित राहू शकत नाही, 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. आणि फेसबुकवर नावानिशी टाकायची हौस आली तर आधी थांबा, बदनामीची केस होऊ शकते हे एक, आणि तिथे शेकडो व्हय म्हाराजा मिळतात हे दुसरं.

ज्याने दुखावलं त्यालाच सांगायचं का

सांगायलाच हवं असं नाही. न पाठवायचं पत्र लिहिलं तरी बराचसा फायदा मिळतो. समोरासमोर सांगायचं तर स्वतःला आधी विचारा, तो म्हणाला "मला तर काही आठवतच नाही", तर मी घरी कशी जाईन? याचं उत्तर तयार असेल तरच जा. फोनवर नको, सणाला नको, दारू असेल तिथे नको. तटस्थ माणूस सोबत घ्या. मागायचं काय ते एकच ठेवा, कबुली, पैसे, की नुसतं ऐकून घेणं. हिंसा करणाऱ्या माणसाला तर एकटं भेटायचंच नाही.

आणि हे वाचणारा कुणी दुखावणाऱ्याच्या बाजूचा असेल तर त्यालाही क्रियापदाचाच नियम लागू. "काही चुकलं असेल तर माफ करा" ही माफी नव्हे, ते निवेदन झालं. "माझ्या हातून झालं" पण नको. "मी तुला न विचारता सही घेतली." पूर्णविराम. "पण" लावायचं नाही.

माफी, नातं आणि हिशोब हे तीन वेगळे

यावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं होतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर आर्चबिशप डेसमंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला, एप्रिल 1996 पासून जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, सुमारे 21,000 लोकांनी आपल्यावर जे गुदरलं ते नोंदवलं. पोलिसांच्या गोळीबारात डोळे गेलेला एक माणूस तिथे म्हणाला की आपली गोष्ट सांगता येत नव्हती यानेच मी आजारी होतो, आज सांगितल्यावर दृष्टी परत आल्यासारखं वाटतंय. हे सगळीकडे सांगितलं जातं. कमी सांगितलं जातं ते असं की गुन्हेगारांना अभय, म्हणजे शिक्षेतून सूट, मिळायला माफी मागायची अट नव्हती, पूर्ण खरं सांगायची होती, आणि 7,000 वर अर्जांपैकी अभय मिळालं ते 849 जणांना. पीडितांना भरपाई म्हणून 2003 ला प्रत्येकी 30,000 रँड (तिथलं चलन) एकदाच जाहीर झाले, आयोगाने सुचवलेल्यापेक्षा ते बरेच कमी होते, आणि लोक त्यावर चिडले ते बरोबरच होतं. गोष्ट ऐकून घेतली म्हणजे देणं फिटत नाही.

आपल्या देशातलं बघायचं तर ग्लॅडिस स्टेन्स, ऑस्ट्रेलियातून आलेले मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या पत्नी. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांच्या नवऱ्याला आणि दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारलं. बाईंनी मारणाऱ्यांना माफ केलं असं जाहीर सांगितलं आणि पुढची काही वर्षं तिथेच राहून कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. खटला मात्र चाललाच, 2011 ला सुप्रीम कोर्टाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. मनातली माफी त्यांची होती, शिक्षा कायद्याची.

म्हणून तीन प्रश्न तीन वेगळ्या कागदांवर, तारीख टाकून लिहा. मनातून सोडतेय का? येणं-जाणं ठेवतेय का? जे घेतलं ते परत मागतेय का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, आणि दर वर्षी बदलू शकतात. पहिल्याचं उत्तर "हो" आलं तरी एखाद्या दुपारी काहीही कारण नसताना सगळं पुन्हा उसळतं. उसळलं म्हणजे माफी खोटी होती असं समजू नका, त्या कागदावर तारीख टाकलेली असते, ती बघायची.

पुन्हा कधी लिहायचं

साधारण सहा महिन्यांनी, जुनं न वाचता. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. माझी आत्तापर्यंत चार लिखाणं झालीत. पहिल्यात दादा सतरा वेळा आहे. तिसऱ्यात पहिल्यांदा वडील आले, की त्यांनी जिवंतपणी वाटणी का केली नाही, आणि हे लिहायला दादापेक्षा जड गेलं. चौथ्यात वहिनी आहे, साडी देताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मला चौदा वर्षांनी आठवलं.

भाऊबीजेला मी जाते आता. जमिनीचं मी त्याला एकदा विचारलंय, तो म्हणाला बघू. ती साडी अजून घडी न मोडता कपाटात आहे, पुढच्या लिखाणाला तिच्यापासून सुरुवात करणार आहे.